वाचकांचे प्रश्न : तापून बंद पडलेली गाडी सुरू होत नाही, तेव्हा

इंजिन तापल्याचा इशारा आणि त्यानंतर गाडी सुरू न होणं, या एकाच विषयावरची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : लांबच्या प्रवासात तापमानाचा लाल दिवा लागला. गाडी बाजूला घेईपर्यंत बॉनेटखालून वाफ आली आणि इंजिन आपोआप बंद पडलं. दोन तासांनी चावी फिरवली, तर डॅशबोर्डचे दिवे लागतात, पण गाडी सुरू होत नाही. पेट्रोलची, सात वर्षं जुनी गाडी आहे. बॅटरी गेली असेल का? दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावून बघू का?

उत्तर : जंपर इतक्यात नको. बॅटरी उतरली असेलही, पण अशा इंजिनाला बळेच फिरवल्यामुळे हेड गॅस्केटवर (इंजिनाचा ब्लॉक आणि त्याचा वरचा भाग म्हणजे हेड, यांच्यामधल्या सीलवर) भागणारं काम पुष्कळदा अख्खं इंजिन उघडण्यापर्यंत जातं. हेड गॅस्केट फुटून सिलिंडरमध्ये कूलंट उतरलं असेल, तर वर येणारा पिस्टन त्याला दाबू शकत नाही. हवा दबते, पाणी दबत नाही. नुसत्या सेल्फच्या (स्टार्टर मोटरच्या) जोरावर इंजिन बहुधा अडकून थांबतं, पण एखादा दुसरा सिलिंडर पेटला किंवा गाडी धक्का मारून सुरू करायचा प्रयत्न झाला, तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो.

म्हणून चावीला हात लावण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिलं, रेडिएटरमधलं कूलंट. वरचा जाड होज पाइप हाताला पूर्ण गार लागेपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. निम्मं पाणी आणि निम्मं कूलंट हे मिश्रण उघड्या भांड्यात साधारण १०७ अंशांना उकळतं, पण १५ पौंड दाबाच्या झाकणाखाली ते १२९ अंशांपर्यंत द्रवच राहतं. आत शांत वाटणारं ते पाणी झाकण सैल होताच उसळून तोंडावर येतं. गार झाल्यावर जाड फडकं टाकून झाकण पाव आटा फिरवा, दाब सुटू द्या आणि मग काढा. कूलंट भरताना किती लिटर मावलं ते लिहून ठेवा. एकूण पाच लिटर कूलंट लागणाऱ्या गाडीत तीन लिटर मावलं, तर हेड कोरडं तापलं होतं असं समजावं. हा आकडा पुढे मेकॅनिकला फार उपयोगी पडतो.

दुसरं, डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी. ऑइल खुणेच्या वर चढलं असेल किंवा पट्टीवर दुधाळ तपकिरी फेस असेल, तर कूलंट ऑइलमध्ये गेलंय. मग सेल्फ मारायचा नाही, कारण पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगला टिकू देत नाही. नुसत्या ऑइल भरायच्या झाकणाच्या आत थोडा पिवळट फेस असेल, तर तेवढ्यावरून घाबरू नका. रोज जेमतेम दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तो दमटपणानेही धरतो.

तिसरं, गळती बाहेर दिसते का. पाइप फाटलेला, रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी चिरलेली, खाली ओल, असं काही दिसलं तर एका अर्थी बरं, कारण पाणी कुठे गेलं ते कळलं. कूलंट गायब आणि जमीन कोरडी, असं असेल तर ते आत गेलं असण्याची शक्यता धरूनच पुढे जायचं. अशा वेळी ठिणगीसाठी वीज देणारे कॉइल आणि स्पार्क प्लग काढायचे, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचे कनेक्टर सोडवायचे आणि प्लगच्या भोकांवर फडकं टाकून मगच सेल्फ मारायचा. समोर वाकून उभं राहू नका. कूलंट असेल तर पिचकारीसारखं उडतं.

या तिन्हींत धोका दिसला नाही, तर एकाला गाडीत बसवून सेल्फ फक्त दोन सेकंद मारायला सांगा आणि बाहेर उभं राहून ऐका. तुमच्या पत्रात नेमका हा आवाजच लिहिलेला नाही, आणि निदान तिथून सुरू होतं.

काहीच आवाज नाही, किंवा एकच 'टक्' : मल्टीमीटर बॅटरीच्या टोकांना लावा. गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली बॅटरी, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. बऱ्याच गाड्यांत गाडी बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा काही मिनिटं जोरात चालू राहतो, त्यामुळे जुनी बॅटरी एवढ्यातच बसते. आता सेल्फ मारताना आकडा बघा. तो १२ च्या वरच राहिला, तर करंट सेल्फपर्यंत पोहोचतच नाही : रिले, फ्यूज, अर्थिंगची वायर, ऑटोमॅटिकमध्ये न्यूट्रलचा स्विच, किंवा उष्णतेने वितळलेला एखादा कनेक्टर. भरलेल्या बॅटरीचा आकडा ८ च्या आसपास कोसळला आणि इंजिन हललं नाही, तर सेल्फ जोर लावतोय पण इंजिन फिरत नाही.

तेव्हा क्रँक पुलीच्या (क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या टोकावरच्या पुलीच्या) मधल्या बोल्टवर सॉकेट आणि लांब दांडा लावून इंजिन हाताने फिरवून बघतात. गिअर न्यूट्रलला, प्लग काढलेले, आणि फिरवायचं ते इंजिनाच्या नेहमीच्या दिशेनेच (पुलीच्या बाजूने बघताना बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्यांप्रमाणे). दोन पूर्ण फेरे सहज झाले, तर इंजिन मोकळं आहे आणि दोष सेल्फमध्ये शोधा. प्लग काढूनही हलत नसेल, तर पिस्टन चिकटलाय किंवा बेअरिंग धरलंय. प्लग बसवलेले असताना अडतं आणि काढल्यावर मोकळं होतं, तर सिलिंडरमध्ये पाणी होतं.

सेल्फ सुसाट, हलका, एकसुरी फिरतो : इंजिनात कॉम्प्रेशनच (पिस्टनने हवा दाबून येणारा दाब) उरलेलं नाही. नेहमी सेल्फच्या आवाजात एक ठेका असतो, प्रत्येक पिस्टन हवा दाबतो तेव्हा आवाज किंचित जड होतो. तो ठेका गेला, की पहिला संशय टायमिंग बेल्टवर, म्हणजे क्रँकच्या तालात कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या दातेरी पट्ट्यावर. बऱ्याच इंजिनांत वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो. पंपाचं बेअरिंग जाम झालं की बेल्टचे दात सोलून निघतात, आणि तापणं व बंद पडणं एकदमच घडतं. अनेक इंजिनांत ऑइल भरायच्या तोंडातून कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) दिसतो. झाकण काढून डोकावा आणि दुसऱ्याला क्षणभर सेल्फ मारू द्या. क्रँक फिरतोय आणि कॅम जागचा हलत नाही, तर बेल्ट किंवा चेन गेलीय. तिथेच थांबा, बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला आपटून वाकतात, आणि प्रत्येक प्रयत्नागणिक वाकलेले व्हॉल्व्ह वाढतात. बेल्ट शाबूत असेल, तर अति उष्णतेने पिस्टनभोवतीच्या रिंगांचा ताण गेला असण्याची शक्यता उरते.

ठेका लंगडा, एक ठोका हलका : एक किंवा दोन सिलिंडर दाब धरत नाहीत. शेजारचे दोन असतील, तर गॅस्केट त्या दोघांच्या मधल्या अरुंद पट्टीवर जळलेलं असतं.

आवाज अगदी नेहमीसारखा, पण गाडी धरत नाही : या प्रकारात इंजिन वाचलेलं असण्याची आशा सगळ्यात जास्त. फाटलेल्या पाइपातून उडालेलं कूलंट प्लगच्या खोलगट विहिरींत साचतं आणि ठिणगी प्लगच्या बाहेरच जिरते. कॉइल उपसून बघा; रबरी नळीवर हिरवट किंवा गुलाबी ओल दिसेल. प्लग काढण्याआधी ती विहीर हवेच्या झोताने कोरडी करा, नाहीतर तेच पाणी सिलिंडरमध्ये पडेल. प्लग पेट्रोलने भिजलेले असतील, तर पुसून बसवा आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ५ ते ८ सेकंद सेल्फ मारा; बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत या स्थितीत इंजेक्टर बंद राहतात आणि साचलेलं पेट्रोल बाहेर जातं. दोन प्रयत्नांमध्ये सेल्फला एक-दोन मिनिटं विश्रांती द्या.

प्रश्न : काटा लालपर्यंत गेला होता. मग आपोआप खाली आला, म्हणून गाडी चालवत राहिलो. पाच मिनिटांत ती बंद पडली. काटा खाली असताना इंजिन कसं तापेल?

उत्तर : तापमानाचा सेन्सर कूलंटचं तापमान सांगतो, धातूचं नाही. कूलंट इतकं कमी झालं की सेन्सरचं टोक उघडं पडलं, तर त्याच्याभोवती हवा किंवा वाफ राहते आणि काटा उतरतो. हेडचं तापमान तेव्हा वाढतच असतं. याची ओळख गाडीत बसूनही होते : हीटर पूर्ण गरमवर लावा. काटा लालच्या जवळ असताना हवा गार येत असेल, तर कूलंट फिरत नाही. अशा वेळी एक किलोमीटरही पुढे जाऊ नका, इंजिन तिथेच बंद करा. तुमच्या गाडीत हेडचं नुकसान झालंय असं धरून वरच्या उत्तरातल्या क्रमानेच जा, आणि प्लग काढल्याशिवाय सेल्फ मारू नका.

प्रश्न : बॅटरीचा आणि तापमानाचा असे दोन्ही दिवे एकामागोमाग लागले. स्टिअरिंगही जड झालं. आता सेल्फ नुसता टकटक करतो. एवढे तीन बिघाड एकदम कसे?

उत्तर : बिघाड एकच आहे, बाहेरचा बेल्ट तुटलाय किंवा पुलीवरून उतरलाय. तो एकटा अल्टरनेटर, पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि तुमच्या गाडीत वॉटर पंपही फिरवत असणार. चार्जिंग थांबलं, बॅटरीवर पंखा, दिवे आणि इंजेक्शन चालत राहिलं, ती उतरली. म्हणून आता टकटक. नवा बेल्ट टाकण्याआधी ताणणारी पुली आणि बाकीच्या पुल्या हाताने फिरवून बघा. एखादी खरखरली किंवा अडली, तर तिनेच बेल्ट खाल्लाय, आणि नवाही खाईल. तुटलेल्या बेल्टचे सगळे तुकडे शोधून जुळवा. त्याचा दोरा कधी कधी क्रँक पुलीमागून टायमिंग कव्हरमध्ये ओढला जातो आणि टायमिंग बेल्टचे दात उडवतो. तुकडा कमी भरला, तर कव्हर उघडून बघेपर्यंत सेल्फ नको. सगळं ठीक निघालं, तर बॅटरी बाहेर चार्ज करा. सुरू झाल्यावर टोकांना १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत.

प्रश्न : गरम असताना गाडी बंद केली की सेल्फ छान फिरतो, पण सुरू होत नाही. अर्ध्या तासाने काही न करता सुरू होते. एकदाच तापल्याचा दिवा लागला होता, त्यानंतर हे सुरू झालं.

उत्तर : गार झाल्यावर स्वतःहून सुरू होणाऱ्या गाडीत आधी विजेच्या भागांकडे बघावं. पहिला संशयित क्रँकशाफ्टचा पोझिशन सेन्सर. त्याच्या आतली बारीक तार तापून फाकते, सिग्नल तुटतो आणि कंट्रोल युनिटला (इंजिनाच्या संगणकाला) इंजिन फिरतंय हेच कळत नाही, मग ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही. गाडी अडली असतानाच स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा आणि सेल्फ मारताना इंजिनाच्या फेऱ्यांचा आकडा बघा. सेल्फ फिरतोय आणि आकडा शून्य, तर सेन्सर किंवा त्याची वायर. पी०३३५ हा कोड त्याचाच, पण तो दर वेळी उमटतोच असं नाही, म्हणून कोड नाही यावरून सेन्सर चांगला ठरवू नका. गार पाण्यात पिळलेलं फडकं सेन्सरवर दोन मिनिटं धरल्यावर गाडी सुरू झाली, तर शंका उरत नाही. सेन्सर एक्झॉस्टजवळ असेल तर हात जपा.

दुसरा, कूलंटच्या तापमानाचा सेन्सर. बहुतेक गाड्यांत २० अंशांना त्याचा रोध दोन ते तीन हजार ओहम असतो आणि ८०-९० अंशांना दोनशे ते साडेतीनशेच्या घरात उतरतो. गरम इंजिनावरही हजारांत आकडा येत असेल, तर कंट्रोल युनिट इंजिन गार समजून जास्तीचं पेट्रोल सोडतं आणि प्लग भिजतात. पी०११७ आणि पी०११८ हे कोड या सेन्सरच्या सर्किटचे. पी०२१७ मात्र कूलंट खरोखरच तापल्याचा.

हे दोन्ही नीट निघाले, तरी एक शक्यता सोडू नका. त्या एका प्रसंगात गॅस्केट किंचित जळलं असेल, तर गाडी बंद केल्यावर उरलेल्या दाबाने कूलंट थेंब थेंब सिलिंडरमध्ये झिरपतं. अशी गाडी सुरू होताना काही क्षण लंगडते आणि पांढरी वाफ सोडते.

प्रश्न : मेकॅनिक म्हणतो, हेड गॅस्केट गेलंय, हेड उघडावं लागेल. गाडी सुरू होत नसताना हे न उघडता पक्कं कसं करायचं?

उत्तर : सगळ्यांना माहीत असलेली चाचणी म्हणजे रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरायची आणि तो पिवळा पडतो का बघायचा. जळलेला वायू कूलंटमध्ये आला की रंग बदलतो. पण त्यासाठी इंजिन चालू लागतं. तुमच्याकडे तीन मार्ग उरतात, आणि तिन्हींत हेडला हात लागत नाही.

आधी प्लग काढून ओळीने मांडा. बाकीचे तपकिरी आणि एकच स्वच्छ, धुतल्यासारखा पांढरा असेल, तर त्या सिलिंडरमध्ये वाफ झालेली आहे. इतकी साधी खूण आहे, पण प्लग घाईत डब्यात टाकले जातात आणि कोणता कुठला होता ते कळत नाही.

मग कॉम्प्रेशन. सगळे प्लग बाहेर, पेट्रोल आणि कॉइलची वायरिंग बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली, आणि प्रत्येक सिलिंडरवर पाच-सहा ठोके. पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १४ बार मिळतात, आणि सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्तीच्या पाऊण तरी असावा. शेजारचे दोन सिलिंडर ३-४ बारवर असतील, तर गॅस्केटचं म्हणणं बळकट होतं. सगळेच सारखे कमी असतील, तर प्रत्येकात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह, टायमिंग किंवा गॅस्केट.

सगळ्यात बोलकी चाचणी म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरणं. पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा. रेडिएटर काठोकाठ भरून झाकण उघडं ठेवा. बुडबुडे आले, तर गॅस्केट फुटलंय किंवा हेडला चीर आहे. हवा सायलेन्सरमधून फुसफुसली तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनटेकचा, ऑइलच्या तोंडातून आली तर रिंगा किंवा पिस्टन. याच्या उलट, हातपंपाने कूलंटच्या बाजूला झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब देऊन पंधरा मिनिटं थांबता येतं. बाहेर थेंब नाही आणि पंपावरचा दाबाचा काटा उतरतोय, तर प्लग काढून सेल्फ मारा. कुठल्या भोकातून फवारा येतो ते दिसेल.

हेड उघडायचं ठरलं, तर नुसतं नवं गॅस्केट ठेवून बसवू देऊ नका. ॲल्युमिनियम ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून लोखंडी ब्लॉकवरचं तापलेलं हेड वाकतं. सरळ पट्टी हेडवर उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांत ठेवून खालून फीलर गेज (मोजलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्या) घालतात. बऱ्याच लहान हेडना ०.०५ मिलिमीटरपर्यंतच सूट असते, काहींना ०.१, तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमध्ये बघावा. ब्लॉकचा माथाही असाच तपासावा. चीर आहे का, हे हेडवर हवेचा दाब देऊन पाण्यात बुडवून कळतं. घट्ट करताना कायमचे ताणले जाणारे बोल्ट असतील तर ते नवेच लागतात. घट्ट करताना मधून सुरुवात करून बाहेर जायचं, आणि मॅन्युअलमधल्या टप्प्यांनी. गळती बुजवणारी पावडर किंवा द्रव या कामात टाळावा. तो हीटरच्या बारीक नळ्या आधी बुजवतो.

प्रश्न : हायब्रीड गाडी आहे. 'हायब्रीड सिस्टीम तापली' असा संदेश आला आणि आता रेडीचा (गाडी चालवायला तयार असल्याचा) दिवाच लागत नाही. रेडिएटरमधलं कूलंट पूर्ण आहे.

उत्तर : अनेक हायब्रीड गाड्यांत इन्व्हर्टरला (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलणाऱ्या भागाला) कूलंटची वेगळी टाकी आणि विजेवर चालणारा वेगळा पंप असतो. तुम्ही इंजिनाची टाकी बघितली असेल, दुसरी शोधा. ती भरलेली असेल, तर गाडी चालू स्थितीत ठेवल्यावर आतलं पाणी हलताना दिसतं का पाहा. निश्चल असेल तर पंप किंवा त्याचा फ्यूज. यापुढे घरी काही करू नका. नारिंगी वायरी उच्च दाबाच्या असतात, त्यांना हात लावायचं काम प्रशिक्षित माणसाचंच.

प्रश्न : फाटलेला पाइप बदलला, पाणी भरलं, गाडी सुरू झाली. आता लगेच प्रवासाला नेता येईल का?

उत्तर : आधी आतली हवा काढा, नाहीतर हेडमध्ये अडकलेला बुडबुडा गाडी पुन्हा तापवेल. इंजिन गार असताना झाकण उघडं ठेवा, हीटर पूर्ण गरमवर लावा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो थोडा सैल करा आणि गाडी आयडलवर चालू ठेवा. १५-२० मिनिटांत थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) उघडतो, वरचा पाइप एकदम गरम होतो आणि पातळी खाली जाते. तेवढं भरून स्क्रू आणि झाकण लावा. खालचा पाइप गारच राहिला, तर थर्मोस्टॅट अडकलाय. पंखा लागेपर्यंत थांबा. तो लागला नाही तर फ्यूज, रिले आणि मोटर तपासल्याशिवाय गाडी हलवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, वरचा होज पाइप दाबून बघा. रात्रभर उभ्या गाडीचा पाइप मऊ असायला हवा. तो टणक लागला आणि झाकण उघडताच दाब सुटला, तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय. आता इंजिन चालू आहे, तेव्हा ती निळ्या द्रवाची चाचणी करून घ्या. पाइप मऊ असेल, तर आठवडाभर रोज गार इंजिनावर टाकीची पातळी आणि डिपस्टिक बघा, सुरुवातीला जवळच्याच फेऱ्या मारा. गडबडीत साधं पाणी भरलं असेल, तर ते काढून मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कूलंट योग्य प्रमाणात भरून घ्या.